माउस फिरला, पान हललं

सेतू केंद्रात अर्ज भरून देणारा एक तरुण माझ्या पाहण्यात आहे. ऑनलाइन अर्जातल्या नाव-पत्त्याला तो आधी हातच लावत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. दर वेळी पान पांढरं होतं, पुन्हा उगवतं, तोवर तो समोरच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलून घेतो. नाव सगळ्यात शेवटी. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “आधी नाव टाकलं की जिल्हा निवडताना उडतं, साहेब. मग परत लिहीत बसा.”

ही करामत कोणत्या संकेतस्थळाची, ते सोडून देऊ. अशी पुष्कळ आहेत. बदलायची होती फक्त तालुक्यांची यादी, म्हणजे पानाचा एक कोपरा, आणि बदललं अख्खं पान. माउसच्या एका हालचालीला उत्तर म्हणून पानाचा हवा तेवढाच तुकडा बदलायचा कसा, हा प्रश्न वेबच्या बालपणापासूनचा आहे. त्याला इतकी उत्तरं मिळाली आहेत की आज नव्याने शिकणाऱ्याला प्रश्नच दिसेनासा होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुकडा बदलायचं तंत्र कधीच हाती आलं आहे. माउसची कुठली हालचाल हुकूम मानायची आणि कुठल्या हालचालीकडे काणाडोळा करायचा, हे मात्र अजून नीट ठरलेलं नाही.

माउस वेबपेक्षा बराच थोरला. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्याचं पहिलं लाकडी रूप बनवलं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी भर सभेत पडद्यावरच्या मजकुरात तिथल्या तिथे फेरफार करून दाखवले. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं तेव्हा मात्र माउसच्या वाट्याला एकच काम आलं: दुव्यावर क्लिक करा, नवं पान घ्या. संशोधकांचे शोधनिबंध वाचायला तेवढं पुरेसं होतं.

नकाशाला ते पुरेना. १९९३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या स्टीव्ह पुट्झ यांनी वेबवर नकाशा ठेवला. त्यावर क्लिक केलं की कुठे क्लिक झालं ते आकडे सर्व्हरकडे जायचे, सर्व्हर जवळून पाहिलेलं नवं चित्र काढायचा आणि नवं पान धाडायचा. माउसच्या प्रसंगाला, म्हणजे इव्हेंटला, पानानं दिलेलं हे उत्तरच होतं, पण प्रत्येक उत्तरामागे एक पूर्ण खेप. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं. सिडनीतल्या रासमुसेन बंधूंच्या छोट्या कंपनीचं हे काम गूगलनं आदल्याच वर्षी विकत घेतलं होतं. यात नकाशा चौकोनी फरशांचा. माउसनं धरून ओढला की जुन्या फरशा नुसत्या सरकतात आणि कडेला उघड्या पडलेल्या जागेपुरत्या नव्या मागवल्या जातात. त्या दोन नकाशांमध्ये बारा वर्षांचं अंतर आहे, आणि आपला अर्धा विषय त्या बारा वर्षांत घडला.

तुकडा बदलण्याची पहिली युक्ती स्क्रिप्टशिवायची. नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत फ्रेम आल्या. पानाचे कप्पे पाडायचे, डाव्या कप्प्यातल्या दुव्यावर क्लिक केलं की उजवा बदलायचा. तेव्हा ते भारी वाटलं होतं. पण वर पत्ता एकच राहायचा, त्यामुळे आत जे वाचलं त्याची खूण ठेवता येत नसे, दुसऱ्याला पाठवता येत नसे, छापायला गेलं तर भलताच कप्पा कागदावर उतरायचा. पुढे एचटीएमएल ५ ने हे कप्पे निकालात काढले. पत्त्याचा तो दोष मात्र नंतरच्या जवळजवळ प्रत्येक तंत्रात नव्या कपड्यांत परत आला.

त्याच दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट होती. ब्रेंडन आइख यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. तिच्यासोबत ऑनक्लिक आणि ऑनमाउसओव्हर आले. गंमत अशी की माउस कुठे आहे हे कळू लागलं, पण त्यावर बदलायचं काय, तर फॉर्मचे रकाने आणि खिडकीच्या तळाची स्टेटसची पट्टी. हौशी लोकांनी त्या पट्टीत ‘सुस्वागतम्’ सरकवून पाहिलं. ठगांनी दुव्याचा खरा पत्ता झाकायला तिचा उपयोग केला, आणि शेवटी ब्राउझरांनी ती स्क्रिप्टच्या हातून काढून घेतली.

ऑगस्ट १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्र बदलता येऊ लागलं. माउस बटणावर आला की राखाडी बटण पिवळं, गेला की परत राखाडी. साऱ्या जगाने बटणं पिवळी केली. मोडेमच्या त्या दिवसांत दुसरं चित्र येईपर्यंत माउस निघून गेलेला असे, म्हणून पान उघडतानाच सगळी पर्यायी चित्रं गुपचूप आणून ठेवण्याची रीत पडली. माणसाला लागेल असा अंदाज बांधून आधीच तयारी करणं ही कल्पना इथली. ती पुढे परत भेटणार आहे.

१९९७ साल भांडणाचं. नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ दोघांनीही ‘डायनॅमिक एचटीएमएल’चा झेंडा घेतला आणि दोघांची भाषा वेगळी. नेटस्केपकडे थर होते, मायक्रोसॉफ्टकडे पानाचा प्रत्येक टॅग हाताशी देणारी ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’ नावाची यादी आणि टॅगच्या पोटातला मजकूर थेट बदलणारं इनरएचटीएमएल. एकच मेनू दोनदा लिहायचा, हे त्या काळच्या प्रत्येक वेब डिझायनरचं प्राक्तन.

भांडणातला एक मुद्दा खरोखर विचार करण्याजोगा होता. टेबलाच्या आत ओळ, ओळीच्या आत खण, खणात बटण. बटणावर क्लिक झालं तर ते आधी कुणाला कळवायचं? नेटस्केप म्हणे वरून खाली, पानापासून बटणापर्यंत. मायक्रोसॉफ्ट म्हणे खालून वर, पाण्यातल्या बुडबुड्यासारखं. नोव्हेंबर २००० मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं आपल्या डॉम लेव्हल २ च्या मानकात दोघांचं ठेवलं. वार्ता मंत्रालयातून निघालेल्या जीआरसारखी आधी खाली उतरते, गावात पोचते, आणि मग अर्जासारखी टेबलामागून टेबल वर चढते. वाटेतला कुणीही अधिकारी ती अडवू शकतो. इंटरनेट एक्सप्लोररला ही रीत मान्य करायला २०११ ची नववी आवृत्ती उजाडली.

बुडबुड्याची खरी किंमत मोठ्या पानावर कळते. हजार ओळींच्या टेबलात प्रत्येक ओळीवर क्लिकची वाट पाहणारा वेगळा लिसनर बसवणं म्हणजे सोसायटीतल्या प्रत्येक दारावर वेगळा वॉचमन नेमणं. गेटवर एकच बसवला तरी येणाराजाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरूनच जातो. कोणाकडे जायचंय, एवढं विचारलं की झालं. उद्या नव्या ओळी आल्या तरी वॉचमन तोच. पण या बुडबुड्यानेच माउसओव्हरमधला सगळ्यात छळवादी बग दिला. मेनूच्या चौकटीवरून माउस तिच्याच आतल्या अक्षरांवर गेला तरी ‘बाहेर गेला, आत आला’ असे दोन निरोप वर चढतात आणि मेनू लुकलुकतो. मायक्रोसॉफ्टने यावर माउसएंटर आणि माउसलीव्ह असे वर न चढणारे दोन प्रसंग काढले होते. बाकीच्यांनी ते उशिरा घेतले. हे श्रेय मायक्रोसॉफ्टला फारसं कुणी देत नाही.

आता सर्व्हरकडून तुकडा आणण्याची गोष्ट. आउटलुकचा टपालडबा वेबवर आणताना मायक्रोसॉफ्टच्या मंडळींना पान न हलवता सर्व्हरशी बोलणारी वस्तू हवी होती. ती मार्च १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली आणि वर्षानुवर्षं जवळपास दुर्लक्षित पडून राहिली. १ एप्रिल २००४ ला जीमेल, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स, आणि १८ फेब्रुवारी २००५ ला जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्याला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. नावानं जादू केली. त्याआधीही लपवलेल्या छोट्या फ्रेमांमधून हे उद्योग चालायचे, पण नाव नसलेल्या युक्तीचा कुणी क्लास लावत नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि ब्राउझरांची भांडणं तिच्या पोटात गडप झाली. क्लिक झालं की अमुक पत्त्यावरचा तुकडा आणून अमुक चौकटीत ओत, हे एका ओळीत लिहिता येऊ लागलं. सेतू केंद्रातल्या त्या अर्जाचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या तेव्हाच मिटला होता.

त्यानंतरची मोठी उलथापालथ एकच. मे २०१३ मध्ये फेसबुकनं रिअ‍ॅक्ट खुलं केलं. पहिलं स्वागत थंड झालं, कारण जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारखं काहीतरी लिहिलेलं पाहून जुन्या मंडळींना ते सोवळ्यात ओवळं कालवल्यासारखं वाटलं. पण त्यामागचा विचार दमदार होता. कोणता तुकडा बदलायचा हे तुम्ही सांगूच नका. क्लिक झाल्यावर फक्त माहिती बदला, त्या माहितीचं पान कसं दिसायला हवं ते सांगून ठेवा, जुन्या आणि नव्यातला फरक आम्ही काढू आणि तेवढंच हलवू. शंभर जागी एकच आकडा दिसणाऱ्या पानात हे वरदान आहे. जिल्हा-तालुका-गाव अशा तीन याद्यांसाठी मात्र हा सगळा सरंजाम म्हणजे कांदा चिरायला तलवार. ज्यांना हे खटकलं त्यांनी उलटी वाट धरली. २०२० मध्ये कार्सन ग्रॉस यांनी काढलेल्या एचटीएमएक्समध्ये टॅगवरच लिहायचं, की क्लिक झालं तर हा तुकडा आण आणि त्या जागी ठेव. सर्व्हर तयार एचटीएमएल देतो. कचेरीच्या कामाच्या निम्म्याहून जास्त पानांना हे पुरेल असं माझं ठाम मत आहे, जरी नोकरीच्या जाहिरातीत हे नाव क्वचितच दिसतं.

स्क्रिप्टशिवाय ब्राउझर स्वतः किती करतो, हेही पाहायला हवं. माउस वर आल्यावरचं रूप सीएसएसमध्ये लिहिण्याची सोय १९९८ च्या दुसऱ्या मानकात होती. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ती फक्त दुव्यांपुरती मानायचा, त्यामुळे मेनूंसाठी कसरती कराव्या लागल्या. आज उघडझाप करणारा मजकूर, वर तरंगणारी चौकट, सगळं टॅगमध्येच मिळतं. पिवळ्या बटणासाठी आता कुणी स्क्रिप्ट लिहीत असेल तर त्याला प्रेमाने थांबवावं.

माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. माउस एखाद्या गोष्टीवरून गेला, याचा अर्थ काय? बहुतेक वेळा काहीच नाही. तो दुसरीकडे निघाला होता आणि वाटेत ही वस्तू आली. क्लिकमागे इच्छा असते, हॉवरमागे, म्हणजे माउस नुसता वर येण्यामागे, फक्त भूगोल. हे ओळखलं नाही तर काय होतं त्याचा धडा २१ सप्टेंबर २०१० ला ट्विटरवर मिळाला. ट्वीटमधल्या पत्त्यात @ हे चिन्ह विशिष्ट रीतीने घातलं की दुवा बनवणारा कोड गोंधळायचा, आणि पुढे लिहिलेलं ऑनमाउसओव्हर खरोखरचा टॅगचा भाग बनायचं. मग काय, ट्वीटवरून माउस नुसता फिरला तरी तुमच्या नावानं तेच ट्वीट पुढे जायचं, नाहीतर भलतंच संकेतस्थळ उघडायचं. ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांच्या पत्नी सारा ब्राउन आणि व्हाइट हाउसचे प्रवक्ते रॉबर्ट गिब्स यांची खातीही त्यात सापडली. कुणीही कशावरही क्लिक केलं नव्हतं. ट्विटरने काही तासांत भोक बुजवलं. बाहेरून आलेला मजकूर इनरएचटीएमएलनं पानात ओतू नये, साधा मजकूर म्हणूनच ठेवावा, हा नियम अशा घटनांमधून आलेला आहे.

रोजच्या वापरातला त्रास याहून सौम्य, पण सार्वत्रिक. मोठ्या मेनूत मुख्य यादीतून उपयादीकडे आपण तिरके जातो. त्या तिरक्या वाटेत खालचा दुसरा पर्याय येतो आणि हवी ती उपयादी मिटून नको ती उघडते. अ‍ॅमेझॉनच्या मेनूनं यावर काढलेला तोडगा बेन केमेन्स यांनी २०१३ मध्ये उलगडून दाखवला: माउस आणि उपयादीची दोन टोकं यांचा त्रिकोण कल्पायचा, माउस त्या त्रिकोणात राहून सरकत असेल तर काही बदलायचं नाही. आणखी एक घोळ सर्व्हरशी बोलताना होतो. माउस तीन नावांवरून झरकन गेला, तीन विनंत्या गेल्या, दुसरीचं उत्तर रेंगाळून सगळ्यात शेवटी आलं. तिसऱ्या माणसाच्या नावाखाली दुसऱ्याचा पगार दिसू लागतो. जुनी विनंती रद्द करण्याची सोय ब्राउझरांत कधीपासूनच आहे. ती न वापरलेली पानं मला आजही भेटतात.

माउसच्या सरकण्यावर काही बदलायचं तर घाई आणखीच अंगाशी येते. साधा यूएसबी माउस सेकंदाला सव्वाशे वेळा आपली जागा कळवू शकतो, साधा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद, आणि त्याहून जास्त वेळा केलेलं काम कुणाला दिसतच नाही. क्रोमनं २०१७ पासून हे निरोप पडद्याच्या तालावर एकत्र करून द्यायला सुरुवात केली. गूगलनं मार्च २०२४ पासून पानाच्या चपळाईचं जे माप धरलं आहे त्यात २०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर दिसलं तर चांगलं म्हणतात. त्या मापात क्लिक, बोटाचा टॅप आणि कळ दाबणं एवढंच धरतात. हॉवर त्यात नाहीच. मोजणाऱ्यांनाही त्यात वापरणाऱ्याची मागणी दिसली नसावी.

म्हणून हॉवर टाकाऊ ठरतो असं मी म्हणणार नाही. मराठी विकिपीडियावर एखाद्या दुव्यावर माउस क्षणभर थांबवा. त्या लेखाचा सारांश आणि चित्र असलेलं छोटं कार्ड उगवतं. वरून नुसतं गेलात तर उगवत नाही, कार्डावर माउस नेलात तर ते पळून जात नाही, आणि मूळ पानातलं अक्षरही हलत नाही. दुसरा चांगला नमुना पडद्यावर दिसतच नाही. इन्स्टंट डॉट पेज नावाची एक छोटी स्क्रिप्ट आहे. दुव्यावर माउस ६५ मिलिसेकंद टिकला की ती पुढचं पान आणायला घेते, क्लिक होईपर्यंत ते बरंचसं आलेलं असतं. पिवळ्या बटणाची चित्रं आधी आणून ठेवण्याच्या रीतीचीच ही नात. अंदाज चुकला तर थोडा डेटा वाया गेला, माणसाचं काही बिघडलं नाही. हॉवरला एवढीच सत्ता असावी.

आणि आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या हातात माउसच नाही. फोन आला आणि पंधरा वर्षांच्या गृहीतकांना सुरुंग लागला. बोट एकतर काचेवर असतं नाहीतर नसतं, मध्येच तरंगत नाही. आयफोनच्या सफारीनं जुन्या पानांसाठी तडजोड केली: टॅप झालं की आधी माउस वर आल्याचं सोंग करायचं, त्यानं पानात काही नवं उगवलं तर तिथेच थांबायचं, क्लिक पाठवायचाच नाही. एकाच दुव्यावर दोनदा टॅप करावं लागण्याचं एक कारण हे. माउस, बोट, पेन या सगळ्यांना एकाच नावाखाली आणणारे पॉइंटर इव्हेंट्स २०१५ मध्ये मानक झाले, सफारीने ते २०१९ मध्ये घेतले. हातातल्या उपकरणाला हॉवर जमतो का, हे आता सीएसएसमध्येच विचारता येतं. विचारणारे थोडे.

पडदा न पाहता ऐकणाऱ्यांची, आणि फक्त कळफलकावर काम करणाऱ्यांची अडचण याहून जुनी. तालुक्यांची यादी चुपचाप बदलली तर ती बदलली हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? बदललेल्या भागावर तशी खूण करण्याची सोय मार्च २०१४ च्या एरिया मानकात आहे. जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या मानकात हॉवरनं उगवणाऱ्या मजकुरासाठी तीन अटी आहेत: माउस न हलवता तो मिटवता यावा, त्याच्यावर माउस नेता यावा, आणि वाचून होईपर्यंत तो टिकावा. विकिपीडियाचं ते कार्ड आठवा. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. तरीही हॉवर केल्याशिवाय न उघडणारे मेनू आणि त्यांच्या डोक्यावर सरकणारी सूचनांची पट्टी, ही जोडी काही हटत नाही.

तेव्हा सरकारी किंवा सहकारी, कुठल्याही संकेतस्थळाची निविदा काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘अद्ययावत तंत्रज्ञान’ हे शब्द निविदेतून खुशाल गाळा. त्या जागी दोन अटी घाला: माउस काढून ठेवून, नुसत्या टॅब आणि एंटरच्या कळांवर अर्ज शेवटपर्यंत भरता आला पाहिजे, आणि जिल्हा बदलल्यावर आधी लिहिलेलं नाव जागच्या जागी राहिलं पाहिजे. काम ताब्यात घेण्याआधी हे दोन्ही स्वतः, कंत्राटदारासमोर बसून, करून पाहा.